शेवट राहिला

अनीसाला एका वाक्याचा भारी राग होता. 'ही कविता वाचून मला आनंद झाला.' कविता पावसाची असो, आईची असो, नाहीतर म्हाताऱ्या बैलाची, चौथीच्या सव्वीस वह्यांत शेवटची ओळ हीच. कोणाचा आनंद इतरांपेक्षा तसूभर कमी नाही की जास्त नाही. आधीच्या गुरुजींनी हे वाक्य फळ्यावर लिहून दिलं होतं, पोरांनी ते घोकून ठेवलं होतं आणि परीक्षेत त्याला दोन गुण मिळायचे. एवढ्या आनंदी पोरांचं गाव त्या वर्षी अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नसेल.

ते वर्ष दोन हजार सहा. गाव तेल्हारा तालुक्यातलं. लागोपाठ दुसऱ्या हंगामात कपाशीची पऱ्हाटी लाल पडली होती, बोंडं धरायच्या आधीच पानं गळत होती. पेपर आला की माणसं पहिलं पान सोडून आतलं उघडायची आणि आज कोणतं गाव आलं ते बघायची. वाचून घडी घालायची आणि बोलायचं दुसऱ्याच कशावर तरी.

अनीसा तिथे शिक्षणसेवक म्हणून लागली, त्याला दुसरं वर्ष होतं. तिचे वडील अब्दुल रहीम तेल्हाऱ्यात गाद्या-रजया भरायचे, दुकानामागेच घर. ती रोज काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन यायची आणि पाचला शाळा सुटली की तशीच परत जायची. आता अप-डाउन करणाऱ्या मास्तरीणबाईला गावातलं काय कळणार? गावाच्या खऱ्या गोष्टी बाई यायच्या आधी पाणी भरताना होतात, नाहीतर बाई गेल्यावर ओट्यावर. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात याचा वाटा मोठा आहे.

उन्हाळ्यात तिचं अमरावतीला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. बाकीचे चहाची वाट बघत बसले आणि ही बया मन लावून ऐकत बसली. तिथल्या एका वयस्क बाईंनी सांगितलं की कविता पोरांना त्यांच्याच शब्दांत चार ओळींत सांगू द्या आणि पाचवी ओळ त्यांच्या मनाची असू द्या. पहिल्या चार ओळी तपासा, पाचवी फक्त ऐका. अनीसानं हे वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली होती.

जूनपासून ती त्या आनंदाच्या मागे हात धुवून लागली. पोरं आधी बावरली. बाई उत्तर सांगत नाहीत म्हणजे बाईंना येत नसावं, असंही एक-दोघांनी घरी जाऊन सांगितलं. पण हळूहळू पाचव्या ओळी फुटू लागल्या. म्हाताऱ्या बैलाची कविता झाली तेव्हा रय्याननं लिहिलं, 'मले आजाची आठवन आली, तो बी खात नाई आता.' अनीसानं ती वही काळी-पिवळीत पुन्हा पुन्हा वाचली. आपल्या हातून काही चांगलं होतंय असं तिला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

ऑक्टोबरात चिमणीची कविता आली. साधी होती. चिमणी सकाळी दाणे आणायला जाते, पिल्लं वाट बघतात, संध्याकाळी चिमणी येते आणि घरट्यात किलबिल होते. सगळ्यांनी बरी लिहिली. आचलच्या वहीत मात्र असं होतं:

'चिमणी रोज सकाळी जाते. पिल्लं घरीच राहतात. चिमणी एकटी जाते. ती कुठं गेली ते पिल्लांना दिसत नाही. एका पिल्लानं तिच्यासंगं जायले पायजे.'

अनीसानं कपाळाला हात लावला. आचल म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, अख्ख्या कविता एका वाचनात पाठ करणारी, आणि तिनं चिमणीला घरी आणलंच नाही. अनीसानं लाल पेननं खाली लिहिलं, 'शेवट राहिला. चिमणी परत येते. पुन्हा लिही.' पाचव्या ओळीखालीही तिनं रेघ ओढली आणि लिहिलं, 'कवितेत असे नाही.' अमरावतीच्या बाईंचं सांगणं त्या वेळी तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

तसंही आचलवर तिचा राग होताच. दसऱ्यानंतर म्हणता म्हणता पोरगी आठवड्यातून दोन दिवस यायची, मग एकच. विचारलं तर म्हणायची, बाबासंगं वावरात गेली होती. एवढ्याशा पोरीचं वावरात काय काम? पोरांना विचारलं तर पोरं नुसती एकमेकांकडे बघायची.

काम काय होतं ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आचलचा बाप शेषराव दसऱ्यापासून बोलेनासा झाला होता. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. एकदा सकाळी बायकोला म्हणाला, पोरीले नीट शिकव. एवढंच. मैनाबाई काय ते समजली. तिनं घरातलं फवारणीचं औषध आणि आणखी काय काय उचलून भावाकडे नेऊन ठेवलं. ती स्वतः दुसऱ्याच्या रोजानं जायची, तिला त्याच्यामागे फिरता येत नव्हतं. म्हणून तिनं पोरगी त्याच्यासोबत लावून दिली. त्या वर्षी कितीतरी घरांनी हेच केलं होतं, पण कोणी कोणाला सांगत नव्हतं. असलं तोंडानं बोललं की ते घरात येतं, अशी बायांची समजूत.

केंद्रप्रमुखांची भेट ठरली तेव्हा मोठे सर खुशालराव यांनी फर्मान काढलं की त्या दिवशी हजेरी पूर्ण पाहिजे. अनीसा आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर आचलच्या घरी गेली. शेषराव ओट्यावर बसला होता. मैनाबाई नुकतीच रोजावरून आली होती, तिनं घाईनं चहा टाकला. अनीसानं सुरुवात केली ती थांबेचना. पोरगी हुशार आहे, वर्ष वाया जाईल, पोरीच्या जातीला शिकवायचं नाही म्हणजे काय, असं सगळं ती बोलली. मैनाबाई पदराशी चाळा करत होती. शेवटी म्हणाली, "बाई, दिवाळीपावतर राहू द्या तिले. मंग पाठवतो." डोळ्यांनी ती आणखी काही सांगत होती, पण नवऱ्यासमोर कसं बोलणार? आणि अनीसा ऐकायच्या बेतात नव्हतीच.

मग शेषरावनं मान वर केली. दसऱ्यापासून जो माणूस हूं की चूं करत नव्हता तो अगदी नीट बोलला.

"बाई बराबर म्हणतेत. आचल, उद्यापासून शायेत जाय."

मैनाबाईच्या हातातली कपबशी वाजली. अनीसाला वाटलं, बाप समजूतदार आहे, आईच अडवून धरते. ती खुशीत परत निघाली.

रात्री जेवणं झाल्यावर ती वडिलांना वह्या वाचून दाखवायची. अब्दुल रहीम यांना मराठी वाचता येत नसे, पण ऐकायला आवडायचं. गादीला टाके घालता घालता ते ऐकत. आचलची वही तिनं हसण्यासाठी काढली. पाचवी ओळ ऐकून त्यांची सुई थांबली. पुन्हा वाच म्हणाले. तिनं वाचली.

"बेटी," ते म्हणाले, "ये लडकी किसी की रखवाली कर रही है."

अनीसाचं हसू तोंडातच राहिलं. ओट्यावरचा माणूस, वाजलेली कपबशी, एकमेकांकडे बघणारी पोरं, सगळं तिच्यासमोर एका रांगेत उभं राहिलं. तिला झोप लागली नाही. फोन करावा तर त्या घरी फोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी आचल शाळेत आली होती. डोक्याला तेल, वेण्या घट्ट. खिडकीशी बसून बाहेर बघत होती. अनीसानं हजेरीसुद्धा घेतली नाही, तिला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि हळूच विचारलं. पोरगी काही रडली नाही. कामाची माहिती द्यावी तसं तिनं सांगितलं.

"मी त्याच्यासंगं बोलत राह्यतो. तुमी शिकवलेल्या कविता म्हणतो. मधातच थांबतो. मंग तो पुढची ओळ इचारते. इचारलं की समजते, हाय म्हणून."

अनीसानं तिला वर्गात बसवलं. ती तशीच खुशालरावांकडे गेली, म्हणाली, या पोरीला आत्ता घरी जाऊ द्या. खुशालराव वाईट माणूस नव्हते. पण साहेब बारा वाजता येणार होते, पूर्ण हजेरी आधीच फळ्यावर लिहून झाली होती आणि शिक्षणसेवकाची पुढच्या वर्षाची नेमणूक ठरवणारा शेराही आजच शाळेच्या शेरेवहीत पडायचा होता. ते म्हणाले, दोन तासांत काय होते, साहेब गेले की लगेच पाठवा. अनीसा दारात उभी राहिली. तिनं भांडायला हवं होतं. पोरीचा हात धरून निघून जायला हवं होतं, फार तर नोकरी गेली असती. ती वर्गात परत आली आणि आचलला म्हणाली, "थोडं थांब बेटा, बारा वाजेपर्यंत."

साहेब आले पावणेतीनला.

त्यांनी पाचव्या ओळी ऐकल्या. त्यांना फारच आवडल्या. आचलला उभं करून त्यांनी चिमणीची कविता विचारली. तिनं वहीतलं होतं तसं सांगितलं, एका पिल्लानं संगं जायले पायजे. साहेब म्हणाले, वा, किती वेगळा विचार! शेरेवहीत त्यांनी लिहिलं की श्रीमती अनीसा यांचे भावना व्यक्त करण्याचे अध्यापन अनुकरणीय आहे. ते सही करत असतानाच अनीसानं आचलला खूण केली. पोरगी दप्तर टाकून पळाली. अनीसा खिडकीतून तिच्या वेण्या वळणापर्यंत बघत राहिली.

पुढचं काय सांगायचं? पोरगी वावरात पोचली तेव्हा तिथे कविता ऐकायला कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर गावाचं नाव आलं.

अनीसा घरी भेटायला गेली. मैनाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बसायला पोतं टाकलं आणि बायांना सांगितलं, या आचलच्या बाई.

तेरवी झाल्यावर आचल शाळेत यायला लागली. आता रोज. एक दिवस चुकली नाही, तिला जायला दुसरी जागा नव्हती. दप्तर अनीसानं कपाटात जपून ठेवलं होतं, ते तिला दिलं. मधल्या सुट्टीत सगळी पोरं बाहेर गेली तरी ती बाकावर लिहीत बसली. मग वही घेऊन टेबलाशी आली.

चिमणीचीच कविता होती. लाल शेऱ्याखाली, सुंदर अक्षरात, एकही चूक नाही.

'चिमणी सकाळी दाणे आणायला जाते. पिल्ले घरट्यात वाट पाहतात. संध्याकाळी चिमणी परत येते. घरट्यात किलबिल होते. ही कविता वाचून मला आनंद झाला.'

"बाई, शेवट लिवला," आचल म्हणाली. "तुमी पुन्हा लिही म्हणलं होतं."

अनीसाच्या हातात लाल पेन होतं. तिनं ते वहीवर टेकवलं, पुन्हा उचललं. आचल समोर उभी होती, बाई बरोबरची खूण कधी करतात याची वाट बघत. घंटा झाली, पोरं आत आली, तरी ती तशीच उभी होती.