सात धोंड्यांनी परत आलेलं ग्रहण

सांगा बरं, ग्रहण सुटलं की न्हाई हे कळायला विश्वास कुणावर ठेवावा? छापील पंचांगावर, आभाळावर, का परातीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या मुसळावर? घाई करू नका. मी तेच मुसळ बोलतोय. माल स्वतःच आपली खोट सांगत असेल, तर गिऱ्हाइकानं दोन मिनिटं थांबावं.

माझा जन्म पुसेगावचा. सुतार बैलगाडीचा आख करत होता, त्यातून उरलेलं बाभळीचं लाकूड म्हणजे मी. खाली लोखंडी कडं ठोकून तो अमृतरावांना म्हणाला, "बूड असं सपाट केलंय शेठ, दारू पाजली तरी पडायचं न्हाई."

अमृतरावांचं पुढं किराणा-मसाल्याचं दुकान, मागं घर. तिथं हळकुंडं आणि मिरच्या कुटत मी वाढलो, म्हणून जिभेला व्यापाराचं वळण आहे. माणसंही तिथंच ओळखायला शिकलो. गिऱ्हाईक हळद हुंगतं, चिमटीत चोळतं, बोटाचा रंग पाहतं, आणि शेवटी शेजारी उभ्या असलेल्याला विचारतं, "चांगली हाय का हो?" स्वतःच्या बोटावर कुणाचा भरवसा नसतो.

खरा मान मला ग्रहणात. अमृतरावांची बायको सखुबाई परातीत पाणी घालून मला मधोमध उभं करायच्या. ग्रहण आहे तोवर मुसळ उभं, सुटलं की आपोआप पडतं, अशी समजूत. खरं सांगू? सपाट जमिनीवर मी कोणत्याही दिवशी उभा राहतो. वेळ झाली की सखुबाईच हळूच बोट लावायच्या. देवाच्या कामाला थोडा हात लावावा लागतो, असं त्यांना वाटत असेल.

१९९० सालची श्रावणातली पुनव. राखीचा दिवस. चंद्र उगवला तोच कड खाल्लेला. थोड्या वेळानं त्यावर ढग आले आणि लाईटही गेली. अमृतरावांची सून साधना हिला सातवा महिना. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाण्याचा घोट नाही, अशी ती आत एका जागी बसलेली. तिचा नवरा विश्वंभर हळदीच्या ट्रकवर परमुलखात. बाहेर अंगणात मी परातीत उभा.

सखुबाई अंधारात अंगण ओलांडत होत्या. त्यांचा पाय परातीला लागला आणि मी धाडकन पडलो. कुणी काही विचारायच्या आत त्याच ओरडल्या, "सुटलं गं बाई! ऊठ साधना, मुसळ पडलं!"

साधनानं अंघोळ केली. भुकेनं कासावीस झालेली, तिनं विळीवर काकडी चिरली. तेवढ्यात ढग फाटले. चंद्राचा लचका अजून तसाच होता.

"काहून उठली ती? अजून कुठं सुटलंय!" अमृतराव ओरडले.

सखुबाई काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मला कोण विचारतंय?

दिवाळीत मिरा जन्मली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. गावानं एका दिवसात कारण शोधलं: आईनं ग्रहणात काकडी चिरली. अमृतरावांनीही दुकानात गिऱ्हाइकांना तेच सांगितलं. पुढं नांदेडला शिबिरात ओठाला टाके पडले, लेकरू हसायला-बोलायला लागलं, पण साधनावरचा बोल गेला नाही. अठरा वर्षं तिला कुणाच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं नाही. गल्लीत गरोदर बाई समोरून आली की साधनाच भिंतीकडे सरकायची.

मला सखुबाईंनी हळदीच्या पोत्यांमागं ढकललं. मिरची कुटायला चक्की आली होतीच. साधना झाडायला आली की मला उचलायची, जागा झाडायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. तेवढीच आमची सोबत. तिला सांगावं असं फार वाटे.

अमृतरावांना मात्र त्या ग्रहणानं नादच लावला. शाळा चौथीत सुटलेली, पण जुनी पंचांगं ताडून ताडून त्यांनी एक कायदा काढला. चंद्राची ग्रहणं फेऱ्यात फिरतात. अठरा वर्षं मोजायची, त्यातले सात धोंड्याचे महिने, म्हणजे दर तिसऱ्या वर्षी येणारे जादा महिने, धरायचे, की तेच ग्रहण त्याच तिथीला हजर.

२००८ची श्रावण पुनव आली. पंचांगात वेळ रात्री एकनंतरची छापलेली.

"छापणाऱ्याची चूक," अमृतराव म्हणाले. "मागच्या खेपेला दिवेलागणीला होतं, आताबी तवाच. ग्रहण काय एसटी हाय उशिरा यायला?"

नवऱ्याच्या शब्दावर सखुबाईंनी दिवेलागणीला मला पोत्यांमागून काढलं आणि परातीत उभं केलं. मी उभा राहिलो.

"लागलं बघा!"

"बराबर!" अमृतरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणलो न्हवतो?"

मिरा तेव्हा अठराव्यात. ती उंबऱ्यात उभी होती. "आबा, वर बघा की." समोरच्या पत्र्यांवर चंद्र आला होता, भाकरीसारखा अख्खा. कुठं डाग नाही. "ग्रहण न्हाई, तरी मुसळ उभंच हाय. मग आज्जी, त्या वक्ताला पडलं ते कशानं?"

सखुबाई चंद्राकडे पाहत राहिल्या.

"माझा पाय लागला व्हता गं," त्या म्हणाल्या. "परातीला लागला. सांगायचं राहून गेलं."

"अठरा वर्सं राहून गेलं, आत्याबाई?" साधना चुलीपासून उठून आली. आवाज चढलेला नव्हता. "तुमचा पाय लागला, न लागला, त्यानं वठ फाटला न्हाई. डाक्टर तवाच म्हणले, पोटात वठ दुसऱ्या म्हैन्यात जुळतो. ग्रहण आलं तवा मला सातवा. मी घरी येऊन सांगितलं व्हतं. मामंजी, तुमी आभाळातले सात धोंडे मोजले. दोन आन् सात तेवढे मोजले न्हाईत."

मिरानं नव्वदचं पंचांग काढून अमृतरावांपुढं ठेवलं. पानाच्या कडेला त्यांच्याच अक्षरात होतं: सून ग्रहण सुटायच्या आत उठली, म्हणून लेकराला दोष.

"हे कवा लिवलं आबा?"

"तू झाली तवा."

"खोडा," मिरा म्हणाली.

"खोडू नका," साधना म्हणाली. "खाली खरं लिहा. आन् दुकानात जसं ते सांगितलं, तसं हेबी सांगा."

त्यांनी लिहिलं. सकाळपासून येईल त्या गिऱ्हाइकाला चष्मा लावून ते वाचून दाखवू लागले. कुणी हळहळलं, कुणी हसलं: "शेठ, आता कळलं व्हय?" साधना आत भाकरी थापत ऐकत होती. पुढच्या महिन्यात गल्लीत एक डोहाळजेवण झालं. बोलावणं आलं नाही. त्या दिवशी ती भिंतीकडे सरकली नाही, एवढं मी पाहिलं.

पुनवेच्या त्या रात्री मला परातीतून काढायचं सगळेच विसरले होते. एकनंतर ग्रहण लागलं. दहा दिवस आणि वर सात तास, एवढं ते पुढं सरकलं होतं. अमृतरावांनी नेमके ते सात तास सोडले होते. घर झोपलेलं. पुरत्या ग्रहणात पाहायला गाव गोळा होतं. अर्धवट खाल्लेल्या चंद्राला कोण विचारतं? आम्ही दोघंच होतो.

यानंतरची फेरी २०२६ ला, तीही भरदिवसा. आपल्या मुलखातून दिसायची नाही. अमृतराव आता नाहीत. मिक्सर आलाय. मला वाळवी लागलीय. मला कुणी उभं करणार नाही आणि करूही नये.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणाच्या तरी नावावर काहीतरी लिहिलेलं असेल. आधी नीट मोजा, हिशेब खरा ठेवा. चुकला तर ज्यांना पहिला ऐकवला, त्यांनाच बोलावून दुसरा मोठ्यानं वाचा. आणि जिचं नाव लागलं, ती जिवंत असतानाच वाचा.