तिसरी तार

मी एक हिरवी तार. कूलरच्या वायरीत लाल आणि काळ्या बहिणींना चिकटून राहायचे. वीज न्यायची-आणायची ती त्या दोघींनी. माझं काम एकच: लोखंडी पेटीत चुकून वीज उतरलीच, तर तिला माणसाच्या अंगात शिरू न देता जमिनीत पोचवायचं. म्हणजे वाईट वेळ येईपर्यंत नुसतं भीत बसायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नंदनवन वस्तीतल्या मार्तंडनं कूलर घरी आणला. भिंतीवरच्या बोर्डाला भोकं दोनच. त्यानं पक्कड घेतली, मला पिनेपाशी तोडलं आणि वर काळी टेप गुंडाळली. पंखा फिरला, वाळ्याचा गार वास सुटला, सगळे खूश. मला मात्र धस्स झालं.

पुढच्या उन्हाळ्यात टाकीला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. मार्तंडची बायको देवकी पहिल्याच झटक्याला किंचाळली.

"अहो, तीन पिनांचा बोर्ड बसवा ना! अर्थिंगच नाही याले."

"झुरळाले भेते, पालीले भेते, आता कूलरले भेऊन राहिली!" मार्तंड हसला.

सासू मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवं, गुदगुल्या करते तो! चप्पल घालून पाणी टाकत जाय."

तेव्हापासून कूलरजवळ रबरी चपलांचा एक जोड असायचा. घराचं संरक्षण म्हणजे तेवढंच. पाणी भरताना बटण बंद करावं, तर म्हणे, "उकडते ना वं!"

एका दुपारी घरी पाहुणे होते. त्यातलं कुणीतरी त्या चपला घालून न्हाणीत गेलं. टाकी आटलेली. मनकर्णाबाई बादली घेऊन अनवाणीच आल्या, ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या आणि टाकीच्या काठाला हात टेकला. तो हात सुटलाच नाही.

मार्तंड आईला धरायला धावला.

"हात नोका लावू!" देवकी ओरडली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला.

नवरा वाचला. सासू नाही. मी तिथंच होते हो, टेपखाली.

तिसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. खोली भट्टीसारखी तापलेली. मार्तंडचे वामनमामा घाम पुसत म्हणाले, "कूलर तं लावा गा कोणी. चपला हायेत ना तिथं?"

आणि मार्तंड सवयीनं उठला! पायानं चपला चाचपू लागला.

देवकीनं मेन बंद केला, पिन उपसली, कात्री आणली आणि आम्हा तिघींना पेटीपासून कापून टाकलं.

"आता लावा," ती म्हणाली.

आता आम्ही मागच्या खोलीत खिळ्याला लटकतोय. कूलर अंगणात गंजतोय. देवकी अजूनही भांडं पडलं तरी दचकते. तिला आता कुणी हसत नाही. तुमच्या घरी कुणी असं दचकत असेल, तर त्याचं आजच ऐका. पिनेत माझ्यासारखी हिरवी तार जोडलेली आहे का, बघून घ्या.

आणि बघण्याआधी मेन बंद करा हं. माझी शपथ.