जावळाची पहिली बट

पहिलीतल्या पोरांच्या बाकांवर आम्हा बायांना बसवायचं ही कोणाची अक्कल, देव जाणे. माझ्या घेरदार घागऱ्याखाली ते बाक पार दिसेनासं झालं होतं, आणि शेजारच्या निकोलासाच्या घागऱ्याने तर माझ्या लिंबेरला भिंतीलाच चिकटवलं होतं. बिचारा माझ्या काखेतून डोकं काढून फळ्याकडे बघत होता. फळ्यावर खडूने फुलं काढून लिहिलं होतं, 'पालकहो, नव्या वर्षात स्वागत.'

नव्या बाई ला पास शहरातून आल्या होत्या. मारित्साबाई. वय फार नाही, अंबाडा घट्ट, आवाज त्याहून घट्ट. आमच्या पठारावरचा वारा अजून सोसत नव्हता, म्हणून वर्गातही गळपट्टा गुंडाळून बोलत होत्या. शाळेचं दार आठला बंद. पांढरा डगला रोज धुतलेला. सकाळच्या दुधासाठी प्रत्येकाने आपापला पेला आणायचा. गृहपाठ आईने करून द्यायचा नाही, "मला मुलांना शिकवायचंय, आयांना नाही." आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, बाई मला आवडल्या होत्या. वर्ष संपेपर्यंत यातलं प्रत्येक पोर वाचायला लागेल, असं त्या म्हणाल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला स्वतःला एखाद्या दुकानाची पाटी वाचायची तरी बोट फिरवावं लागतं.

मग म्हणाल्या, "मुलग्यांचे केस बारीक. उद्या लांब केसांचा मुलगा आत घेतला जाणार नाही. मुख्याध्यापकांचा नियम आहे."

झालं! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

लिंबेरची वेणी कमरेपर्यंत आहे. सहा वर्षांचा झाला, पण त्याच्या केसांना कात्री लागलेली नाही. आमच्यात जावळ असं घरच्या घरी उडवत नाहीत. त्याला धर्मबाप लागतो, नाहीतर धर्मआई. पहिली बट ज्याने कापली, पोर त्याचं झालं. आजारपणात, शिक्षणात, लग्नात तो मागे उभा राहणार. आई मेली तर पोर त्याच्या उंबऱ्यावर जाणार. लिंबेरचा बाप खाणीत दगडाखाली मेला तेव्हा हा माझ्या पाठीवरच्या कापडात होता. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ कासिमिरो म्हणाला, "ताई, याचं जावळ मी काढणार. रडू नकोस." आणि गेला बुएनोस आयरेसला, शिलाईच्या कारखान्यात. दर कार्निव्हलला फोन, "या वर्षी नक्की." दर कार्निव्हलला मी मक्याची दारू आंबवायची, मेंढरू बघून ठेवायचं. आणि दर वर्षी ती दारू पार आंबट झाली की ओढ्यात ओतायची.

मी उभी राहिले. बाकही माझ्याबरोबर थोडं उठलं.

"बाई, माझ्या पोराचे केस उद्या कापले जाणार नाहीत."

"मग कधी?"

"त्याचा मामा आला की."

"आणि मामा कधी येणार?"

निकोलासा खुदकन हसली. "अहो बाई, ते तर मामालाही ठाऊक नाही!"

"तू गप गं! शनिवारी तुझ्या नवऱ्याला स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही, आधी त्याला शोध."

वर्ग खदखदला. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. "फोर्तुनाताबाई, मी तुमच्या रीतीवर उठलेली नाही. पण लांब केसांत उवा होतात. आणि सर स्वतः दारात उभे असतात. मुलगा तिथूनच परत येईल. त्याचं वर्ष फुकट घालवायचंय का तुम्हाला?"

"उवा? या ना, बघा! रोज विंचरते मी. एक सापडली तर माझे केस कापा."

"मग आज घरी जाऊन त्याचे कापा. विषय संपला. केसच तर आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "केसच तर आहेत? बाई, या पोराला बाप नाही. ते केस कापले जातात तेव्हा त्याच्या मागे एक माणूस उभा राहतो. मी विळीने कापून चुलीत टाकले तर मागे कोण उभं राहील, तुमचा नियम?"

आमच्या पालकांचे अध्यक्ष हिलारियोनआजोबा खिडकीपाशी बसले होते. मानाचा चाबूक खांद्यावर, आवाज नेहमी समजुतीचा. "फोर्तुनाता, पोरी, बस खाली. हट्टापायी पोरगं शाळेबाहेर राहील."

"नाही बसत! आणि बाहेर ठेवूनच बघा. रोज आणीन मी त्याला. आठला दार लावा, आम्ही दाराला टेकून बसू. आत पोरं वाचतील, हा बाहेरून ऐकून शिकेल. नाहीतरी मी बाजारात पेज विकतेच, स्टोव्ह आणि पातेलं इथेच उंबऱ्यात मांडते. बघते मुख्याध्यापक कुठून आत जातात ते!"

"कमाल आहे तुमची!" बाईही आता चिडल्या होत्या. सकाळपासून उभ्या, तो वारा, त्यात मी. त्यांनी चित्रकलेच्या खोक्यातली लाल मुठीची कात्री उचलली आणि तरातरा आमच्या बाकाशी आल्या. "इतका कसला बाऊ? लिंबेर, बाळा, इकडे बघ. दुखतं का सांग हं." आणि कानाजवळ वेणीतून सुटलेली बट त्यांनी कच्चकन कापली. "हे बघा! कोसळलं का आभाळ?"

निकोलासाने तोंडावर हात धरला. हिलारियोनआजोबांनी हळूच टोपी काढली. बाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मुठीतल्या केसांकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

माझा हात वर गेला होता. सरळ सांगते, थोबाडीत द्यायलाच गेला होता. तेवढ्यात लिंबेरने माझा घागरा ओढला.

"आई, म्हणजे आता मामाऐवजी बाई?"

रडला नाही. भ्यायलाही नाही. आज भाजीला काय, असं विचारावं तसं विचारलं त्याने. तेव्हा मला कळलं की माझ्या पोराने मामाची वाट बघणं केव्हाच सोडून दिलं होतं. वाट मी एकटीच बघत होते. आख्ख्या गावाशी भांडून, एकटीच. काळजात असं काही तुटलं की हात आपोआप खाली आला.

मी पाठीवरचं रंगीत कापड सोडलं आणि बाकावर पसरलं. "ठेवा ती बट इथे, कोमाद्रे."

आमच्याकडे पोराचं जावळ काढणारीला त्याची आई या नावाने हाक मारते. एकदा चारचौघांत मारली की ती मागे घेता येत नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच मोठ्याने मारली.

"अहो, मला... मला तसं नव्हतं म्हणायचं," बाई म्हणाल्या.

"कसं म्हणायचं होतं ते कात्रीला विचारा."

"मी शिक्षिका आहे, फोर्तुनाताबाई. मला सगळी मुलं सारखी. मी एकाच मुलाची कशी..."

"कापताना एकाचेच कापलेत ना?"

आजोबांनी खाकरून घसा साफ केला. "बाई, रागावू नका, एक विचारतो. तुमची पहिली बट कोणी कापली होती?"

मला वाटलं, म्हणतील, शहरात असलं काही नसतं. पण त्या खाली बघून म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या एका मावशीने. लहानपणी ओरुरोत राहायचो तेव्हा. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं. हा गळपट्टा त्यांनी विणलेला आहे."

"मग आम्ही तुम्हाला काय सांगणार," आजोबा म्हणाले.

बाईंनी ती बट दोन्ही हातांनी माझ्या कापडावर ठेवली. डोळे भरले होते, पण मान ताठ. मला त्या पुन्हा आवडायला लागल्या, आणि त्याचाही राग आला. "बरं. मग उरलेले केस कधी कापायचे हे कोण ठरवतं?"

"धर्मआई," आजोबा म्हणाले.

"आणि तोवर?"

"तोवर कोणी हात लावायचा नाही. अर्ध्यावर आलेलं जावळ धर्मआईच्या सांगण्याशिवाय दुसऱ्याने कापलं तर पोराला बाधतं."

"बसा सगळे," बाई म्हणाल्या. "दात घासायच्या ब्रशचं सांगायचं राहिलंय."

संध्याकाळी मी कासिमिरोला फोन लावला. "तुझी जागा भरली," म्हटलं. मागे मशीनं खडखडत होती. मला वाटलं, भांडेल, ओरडेल, निदान कोण म्हणून विचारेल. "बरं झालं गं ताई," तो म्हणाला. आणि त्याच्या आवाजात इतकं हायसं वाटलेलं होतं, की फोन ठेवून मी जी रडले, तशी नवरा गेला तेव्हाही रडले नव्हते. मग डोळे पुसले आणि लिंबेरच्या वेणीला लाल फीत बांधायला घेतली. म्हटलं, जाऊ दे मेला.

सकाळी शाळेच्या दारात मुख्याध्यापक सेवेरोसर टाय लावून, हाताची घडी घालून उभे. मी एका हातात लिंबेर, दुसऱ्या हातात पेजेचं पातेलं, पाठीवर स्टोव्ह. लिंबेरला धर्मआई मिळाली असेल, पण तिच्या हिंमतीवर माझा अजून भरवसा नव्हता.

"हा परत जाईल," सर म्हणाले. वेणीकडे बोट दाखवलं, पोराच्या तोंडाकडे बघितलंही नाही.

मी तोंड उघडलं, एवढ्यात पटांगणातून बाई आल्या. धावतच. गळपट्टा अर्धा जमिनीवर लोळत होता.

"सर, तो माझा धर्मपुत्र आहे."

"काय?"

"जावळ अर्धं झालंय. पहिली बट मी कापली, आख्खी सभा साक्षीला आहे. उरलेलं कधी काढायचं ते मी ठरवायचं."

"मारित्साबाई, नियम म्हणजे नियम. कधी काढणार ते सांगा, नाहीतर..."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग लिंबेरकडे. "तो पहिलं पुस्तक स्वतः वाचून दाखवेल त्या दिवशी. तुम्हालाही बोलावणं येईल. पाहुण्यांच्या रीतीने एक बट तुम्ही कापायची, सर, आणि हात हलवत यायचं नाही, निदान एक मेंढरू तरी आणायचं. तोवर तो असाच येईल. परत पाठवायचा असेल तर मलाही पाठवा. आम्ही दोघी इथे उंबऱ्यात बसतो, वर्ग बाहेर घेऊ."

सरांचा चेहरा लाल झाला. आमच्यामागे पालकांची रांग लागली होती. सगळ्यात पुढे निकोलासा, कमरेवर हात ठेवून, आणि या वेळी ती हसत नव्हती.

मी स्टोव्ह उतरवला, बरोब्बर दाराच्या मधोमध मांडला, पातेलं वर ठेवलं आणि घागरा सावरून उंबऱ्यावर माझ्या कोमाद्रेसाठी जागा केली. ती खरंच बसली. शहरातला कोट, पॉलिश केलेले बूट, आणि बसली माझ्या शेजारी धुळीत.

"सर," तिने खालूनच विचारलं, "पेज घेणार थोडी?"

सर बाजूला झाले की नाही ते बघायची गरजच उरली नाही. लिंबेर त्यांच्या कोपराखालून केव्हाच आत पळाला होता, आणि पहिल्या बाकावर पेला आपटत ओरडत होता, "बाई, या ना आत! आठ वाजले!"