बेचाळीस डॉक्टर

आमच्या बारावीच्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत आणि बेचाळीसही जणांचे वडील डॉक्टर आहेत. निदान इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत तरी. गाईडच्या अकराव्या पानावर 'माझे कुटुंब' या विषयाचं तयार उत्तर आहे. त्यात वडील डॉक्टर, आई शिक्षिका, आणि संध्याकाळी सगळे बागेत फिरायला जातात. सोलापूरच्या या टोकाला बाग नाही. पण पाठ करून घेणारी मीच, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

वर्गातल्या सोनमचे वडील बिरुदेव मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ. यंदा ज्वारी लवकर निघाली, म्हणून त्यांनी कॉलेजमागच्या रानात मेंढरं बसवली होती. शेतकऱ्याला खत, मेंढरांना चारा. सुट्टीच्या दिवशी सोनम मेंढरांमागे गाईड घेऊन हिंडायची. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीत पास होणं भाग होतं. लेखीत ती काही केल्या अठराच्या पुढे सरकत नव्हती. म्हणजे पासाचे पस्तीस गाठायला तोंडीच्या वीसपैकी सतरा तरी हवेत.

"एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस," मी तिला बजावलं होतं.

परीक्षेच्या दिवशी ती समोर उभी राहिली. मी विचारलं, "व्हॉट डज युवर फादर डू?" तिने तोंड उघडलं, खिडकीकडे बघितलं आणि मिटलं. बाहेर बिरुदेव उभे होते, खांद्यावर घोंगडं, मागे मेंढरं. लेकीचं इंग्रजी ऐकायला आले होते.

मी घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात खिडकीतून हलक्या आवाजात आलं, "माय फादर इज अ डॉक्टर."

बिरुदेवच सांगत होते. ऐकून ऐकून त्यांचंही पाठ झालं होतं. उच्चार सोनमपेक्षा बरा होता.

सोनम लाल झाली. मग एकेक शब्द शोधत मला म्हणाली, "माय फादर इज शेफर्ड. ही हॅव वन हंड्रेड ट्वेंटी शीप. ही नो एव्हरी फेस."

तीन वाक्यं, तीन चुका. चौदा वर्षं शिकवतेय, पण माझ्या वर्गात पहिल्यांदाच कुणी तरी इंग्रजी बोललं, आणि त्यात माझा काही हात नव्हता. मला फार आनंद झाला आणि लाजही वाटली.

बिरुदेवांनी खिडकीचा गज धरला. "मॅडम, गुण कापू नगा. तिला येतंय सगळं. म्या हितं आलो म्हणून चुकली." मग लेकीला म्हणाले, "डॉक्टरच म्हणायचं की गं. मला कुटं राग येतोय? तू रानात म्हणायचीस तवा ऐकायला लई बरं वाटायचं."

"मला न्हाय वाटायचं, आप्पा," सोनम म्हणाली आणि रडायला लागली.

"तीन कापलेत," मी म्हटलं. "सतरा उरले. पास."

बिरुदेवांनी पटका सारखा केला आणि ते मेंढरांकडे गेले.

पुढचा नंबर अजिंक्यचा. त्याचे वडील एसटीत कंडक्टर आहेत. "माय फादर इज अ..." त्याने सुरुवात केली.

"गाईड राहू दे," मी म्हटलं. "वडील खरंच काय करतात, ते सांग."

"मॅडम, ते पाठ न्हाय केलं."