मालिशवालीचा हात

फिजिओथेरपी शिकायला निघालेल्या पुतणीला काकांनी सगळ्यांदेखत हिणवलं होतं, "डॉक्टर होता येईना, म्हणून मालिशवाली होतेस?" ते शब्द तिने मनात जपून ठेवले होते.

आज तेच काका गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तिच्यासमोर खाटेवर पडले होते. तिने पाय जरासा वाकवताच ते कळवळले, "पुरे गं पोरी, राहू दे आज!"

राहू देणं सोपं होतं. रोज असंच राहू दिलं, तर गुडघा कायमचा आखडणार होता, आणि काका उलट तिच्या मऊ हाताचं कौतुकच करणार होते. तिचे हात क्षणभर सैल पडले. मग तिच्या मनात आलं, उद्या हे लंगडत गावभर सांगतील, "मालिशवालीने पाय घालवला." इतक्या स्वस्तात सोडायचं यांना?

"काका, खुशाल ओरडा," असं म्हणून तिने गुडघा हवा तितका वाकवला. काकांनी दवाखाना डोक्यावर घेतला.

"सूड उगवतेस का गं?"

"हो. यापुढे तुम्ही टाकाल ते प्रत्येक पाऊल या मालिशवालीच्या हातचं असेल. चला, पुन्हा एकदा."