रुखवतातली पुस्तकं

पुस्तक फाडायला दया लागत नाही, रीत लागते. आधी ते पाठीवर वाकवून कणा मोडायचा, मग दोन्ही पुठ्ठे धरून एका हिसक्यात सोलून काढायचे. पुठ्ठ्याला डकवलेली पहिली दोन-चार पानं त्याच्याबरोबरच जातात, ती कामाची नसतात. मग शिवणीत कटर घालून दोरा कापला की पानं सुटी. देवपुरात माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बायका दिवसभर हेच करतो. त्या पानांची फुलं होतात, तोरणं होतात, आणि लग्नसराईत रुखवतात मांडायला कागदी मोर आणि पालख्या होतात. कॉलेजातले एक सर एकदा येऊन हळहळले, हे पाप आहे म्हणाले. मी त्यांना म्हटलं, रद्दीत तुम्ही घालता, मी फक्त सोलते. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

कुंदाबाई ही माझ्याकडची सगळ्यात जोरकस बाई. ज्या पुस्तकाला बाकीच्या दोन दमात काढतात, ते ती एका हिसक्यात काढायची. तिच्याकडे बघून कधीकधी मला वाटायचं, ही पुस्तक फाडत नाही, कुणालातरी फाडते आहे. आणि ते कोण, हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तिची पोर ज्योत्स्ना धुळ्यात नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष राहिलं असताना चोपड्याकडचं केळीवाल्यांचं स्थळ आलं. शिकवू म्हणाले. लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेतातल्या विहिरीतून तिचं प्रेत काढलं. पाय घसरला, असं नवरा प्रेमराज म्हणाला आणि कागदावर तेच उमटलं. शेवटची अंघोळ घालताना कुंदाबाईने पोरीच्या पाठीवर वळ पाहिले होते, पण ते दोर लावून वर काढताना उमटले असणार, असं तिला समजावण्यात आलं.

मग चार लोक बसले. त्यांच्या भाऊबंदकीत रीत अशी, की पोर अशी गेली तर सासरचे तिचं आंदण परत करतात, आणि माहेरच्यांनी ते उचललं की तक्रार संपली. कुंदाबाईचा नवरा कौतिक टेम्पो घेऊन गेला आणि कपाट, पलंग, हंडे-कळशा भरून घेऊन आला. पुस्तकं कुणी आंदणात धरत नाही. ती कुंदाबाईने वेगळी मागितली. तेव्हा सासू प्रमिलाबाई चार लोकांसमोर पदर पसरून म्हणाली, "पुस्तकं आम्ही पोरसंगे चितावर ठेवी दिधी. तिना जीव व्हता त्यासमा." हे ऐकून कुंदाबाई त्या बाईच्या गळ्यात पडून रडली. मला त्या गळ्यात पडण्याचा आजही राग येतो.

यंदा चैत्रात लग्नाच्या ऑर्डरी अंगावर आल्या होत्या. रद्दीवाला जीवराम चोपड्याकडून पोती घेऊन आला आणि त्याने ती शेडच्या मधोमध ओतली. जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची. मी खूश झाले, कारण असल्या कागदाची घडी छान बसते. कुंदाबाई मांडी घालून बसली. एकाचे पुठ्ठे गेले, दुसऱ्याचे गेले, पहिली पानं कचऱ्यात गेली. तिसऱ्याच्या शिवणीत तिने कटर घातला, दोरा कापला आणि तिचा हात जागीच थांबला.

ती शिवण छापखान्याची नव्हती. निसटणारी पानं कुणीतरी जाड पांढऱ्या दोऱ्याने, गोधडीला घालतात तसे टाके घालून पुन्हा शिवली होती.

"हाऊ टाका मना शे," कुंदाबाई म्हणाली.

ती उठली आणि कचऱ्याच्या ढिगात दोन्ही हात घालून उकरू लागली. फाडलेली पहिली पानं तिने एकेक करून सरळ केली. तिसऱ्या पानावर हिरव्या शाईत ज्योत्स्नाचं नाव होतं. मी ते वाचलं. कुंदाबाईला वाचायची गरज नव्हती.

जीवराम दारात तंबाखू मळत होता. पुठ्ठे चेपायचा लाकडी ठोकळा उचलून कुंदाबाई त्याच्यावर धावली आणि पहिला घाव कपाळावर बसला. तंबाखू उडाली, रक्त त्याच्या भुवईवरून डोळ्यात उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. आम्ही तिघी तिच्या कमरेला लोंबकळलो तरी ती आवरेना.

"ही पुस्तकं कोठेन आनी तू?" ती विचारत होती आणि उत्तराची वाट न पाहता मारत होती.

"नका मारू, अक्का," जीवराम भिंतीला चिकटून म्हणाला. "प्रमिलाबाईना घरनं आनी. तिना पोऱ्यानं लगीन शे. वरनी खोली खाली करी ऱ्हायनात."

ठोकळा तिच्या हातातून पडला. प्रेमराजचं पुन्हा लग्न होतं. पोरगी कापडण्याची, गिरधर आबांची मुलगी दिपमाला, आणि लग्न आठवड्यावर आलेलं, हेही जीवरामनेच सांगितलं.

त्या दिवशी शेडमध्ये काम झालं नाही. कुंदाबाईने प्रत्येक पान उन्हात धरून पाहिलं, मलाही पाहायला लावलं. कुठे एखादी ओळ, एखादा शब्द, नवऱ्याबद्दल काही. काही नव्हतं. औषधांच्या नावांखाली रेघा होत्या, फुप्फुसाची एक आकृती पेन्सिलीने पुन्हा काढून पाहिलेली होती. ती बिचारी नुसता अभ्यास करत होती. मला इतका संताप आला की मी उरलेली ऑर्डर तशीच टाकून तिच्याबरोबर रिक्षात बसले आणि आम्ही कापडणे गाठलं.

गिरधर आबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भांडा उचलात ना तुम्ही? मंग गोट तव्हयच मिटनी. आते मनी पोरना लगनमा इस्तू कसाले टाकतस?"

"तठे पोर देऊ नका, आबा," कुंदाबाई म्हणाली. "मारी टाकतीन तिले."

"पुरावा शे का?"

तिने पुस्तकं पुढे केली. आबा हसले नाहीत, पण त्यांनी हातही लावला नाही. आतल्या दारात एक मुलगी उभी होती, हाताला मेंदीचा पहिला रंग चढलेली. आबांनी तिला आत जायला खुणावलं.

संध्याकाळी कौतिकला कुणीतरी फोनवर कळवलं होतं. कुंदाबाई उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच त्याने तिच्या तोंडात मारली. ती आत गेली आणि परत आणलेलं आंदण एकेक करून गल्लीत फेकू लागली. हंडा फेकला, कळशी फेकली, परात फेकली. पाटा फेकला तो कौतिकच्या पायावर पडला आणि अंगठ्याचं नख उखडलं. गल्ली जमा झाली. सोडवायला मात्र कुणी आलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी तिला कापडण्याला एकटीला जाऊ दिलं नाही. मला तिच्या रागाची काळजी नव्हती, माझा स्वतःचा राग जिरायचा होता. मांडवात डाव्या हाताला रुखवत मांडलं होतं. लाडवांच्या परड्या, पितळी समया, कागदी बैलगाडी. बायका रांगेने बघत पुढे सरकत होत्या. कुंदाबाईने पिशवीतून पोरीची सोललेली पुस्तकं काढली, समया बाजूला सारल्या आणि ती मधोमध मांडली. पुठ्ठे नसलेली, दोरे लोंबणारी. वर नावाचं पान ठेवलं.

"हाई काय शे?" एका बाईने विचारलं.

"मनी पोरनं रुखवत," कुंदाबाई मोठ्याने म्हणाली. "नवरदेवनी पहिली बायको. वावरनी हिरमा बुडीसन मरनी. ही पुस्तकं तिना चितावर जळी गयात, असं तिनी सासू चार लोकेसमोर बोलनी व्हती. पदर पसरीसन. इचारा तिले."

बायकांची रांग थांबली. प्रमिलाबाई वरमाईच्या थाटात पुढे आली, पुस्तकं पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. तिने ती उचलायला हात घातला. कुंदाबाईने मनगट धरलं. बांगड्या फुटल्या, काच दोघींच्या हातात गेली, रक्त लाडवांवर सांडलं. प्रमिलाबाई ओरडली नाही. तिने फक्त मागे वळून मुलाला हाक मारली.

प्रेमराज मिरवणुकीच्या घोड्यावरून नुकताच उतरला होता, कपाळाला बाशिंग होतं. त्याने पुस्तकांकडे पाहिलं, नावाकडे पाहिलं. मग त्याने कुंदाबाईचे केस डाव्या मुठीत गुंडाळून तिचं डोकं खाली दाबलं आणि उजव्या मुठीने पाठीवर, बरगडीखाली मारायला लागला. मी नवऱ्यांचा मार पाहिलेला आहे. रागाने मारणारा कुठेही मारतो. हा जागा शोधून मारत होता, पातळाखाली झाकल्या जातील अशाच जागा, आणि त्याचा श्वासही चढला नव्हता. हे त्याच्या हाताला सरावाचं होतं.

"पुस्तकं दाखाडस माले?" तो हळू आवाजात म्हणत होता. "तुलेबी पुस्तकं दाखाडनी शेत?"

मी समई उचलून त्याच्या कानशिलावर हाणली. तो वळला आणि मला लाथ घातली, मी लाडवांच्या परड्यांवर पडले. तोवर कुंदाबाईचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं होतं आणि तिचे पुढचे दात ओठातून बाहेर आले होते.

गिरधर आबा इतका वेळ खांबाला धरून उभे होते. त्यांना पुरावा हवा होता, तो त्यांच्या डोळ्यांसमोर मूठ आवळून उभा होता. ते पुढे आले आणि त्यांनी होणाऱ्या जावयाचं बाशिंग ओढून काढलं. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर निघाली. मग आबांच्या भावांनी मांडवाचे बांबू उपसले. वऱ्हाड पळालं, खुर्च्या मोडल्या, घोडा दोर तोडून शेताकडे सुटला. प्रेमराजचा हात कोपरात मोडला तेव्हाचा आवाज मी ऐकला. मला वाईट वाटलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, आजही वाटत नाही.

सगळं संपलं तेव्हा मांडव आडवा पडला होता. कुंदाबाई जमिनीवर बसून पदराने तोंड दाबत होती. पानं विखुरली होती, मी ती गोळा करत होते. तेवढ्यात दिपमाला आतून आली, हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या तशाच. मला वाटलं, ही कुंदाबाईच्या पाया पडेल.

तिने कुंदाबाईचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

"मनं वाटोळं करं तुम्हीन," ती म्हणाली. "आते कोन करी माले? गावमा तोंड कसं दाखाडू मी?" आणि ती हमसून हमसून रडायला लागली. रडताना कुंदाबाईच्या छातीवर मुठी मारत होती.

मी तिला ओढायला गेले. कुंदाबाईने हाताने मला थांबवलं. त्या मुठी तिने खाऊन घेतल्या. मग फुटलेल्या ओठांतून, शब्द नीट उमटत नव्हते तरी, ती त्या पोरीला म्हणाली, "रड, माय. जित्ती शे म्हनीसन रडी ऱ्हायनी तू."

आणि तिने तिला जवळ ओढून घेतलं.