बिनआवाजाचे टायर

माझ्या भावाला शहाणा म्हणणारी माणसं आमच्या बोरी गावात लय आहेत. जिंतूरला बी-बियाण्याचं दुकान, गळ्यात चेन, दारात जर्मन कंपनीची काळी लांबलचक गाडी. सेकंडहँड का असंना, पण आत बसलं की माणूस गादीत रुततं. भागवत त्याचं नाव. मी त्याची मोठी बहीण राजेश्री, चुडाव्याला दिलेली, तिथल्या अंगणवाडीत लेकरं सांभाळते. त्याला शहाणा म्हणायची माझी तयारी न्हाई. का न्हाई, ते सांगते.

आमची माय, मालनबाई, परभणीच्या दवाखान्यात होती. कॅन्सर हाडात उतरलेला. डॉक्टरांनी आमा दोघांना खोलीत बोलावलं न् म्हणाले, "आता घरी न्या. आपल्या माणसांत राहू द्या त्यांना." एवढं सांगितल्यावर समजायचं काय राहतं? मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. भागवत मात्र आतच उभा. मी परत दारात आले तर विचारतोय कसा, "मग पुढच्या तपासणीला कधी आणायचं, साहेब?" डॉक्टर बिचारे माझ्याकडंच बघायला लागले.

मायला एकच पाहिजे होतं. जीव घरात जावा, उंबऱ्याच्या आत. आमच्या भावकीत गावाबाहेर जीव गेलेल्या माणसाला घरात घेत न्हाईत. अंगणात ठेवतात, तिथूनच उचलतात. आमच्या वडलांचं, बापूंचं, तसंच झालं. नांदेडच्या दवाखान्यात गेले, अँब्युलन्समधून आणले, आणि जे घर उन्हातान्हात उभं राहून बांधून घेतलं त्याच घरासमोर ताडपत्रीखाली पडून राहिले. वरून पाणी टपकायलेलं. माय माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, मुंजाजीकाकांच्या पाया पडली, "भावजी, घटकाभर तरी आत घ्या त्यांना." काका भावकीत मोठे, त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "रीत हाय, मालन. माझ्या हातात काय हाय?" त्या दिवसापासून मायचा एकच घोशा. "माझं तसं करू नका रे लेकरांनो. अन् त्या पांढऱ्या गाडीत मला घालू नका. ती गल्लीत शिरली की लोकं मढं आलं म्हणूनच बाहेर येतात."

म्हणून न्यायचं ते भागवतच्या गाडीतूनच, हे ठरलेलं होतं. आणताना तिच्यातूनच आणलं होतं. पण बाई, त्या गाडीचे टायर असे घुं घुं करायचे की विचारू नका. सिमेंटचा रस्ता लागला की ती घुरघुर खालून सीटमध्ये चढायची. मायनं दात आवळून धरले होते. "हाडात शिरायलाय रं आवाज," एवढंच म्हणाली होती. भागवतच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच.

"माय, टायर बदलतो न् मगच नेतो. बिनआवाजाचे घालतो."

"अरे, खाली दोन गाद्या टाकू, हळू चालव," मी म्हणलं. "आजच चल."

"आक्का, तुला गाडीतलं काय कळतं?"

घ्या! मला गाडीतलं कळत न्हाई. मायच्या अंगावर हात फिरवून मला जे कळायलं होतं ते त्याला कोण सांगणार?

भागवतची बायको अर्पिता मायजवळ बसली आणि तो मला ओढत घेऊन गेला. म्हणे, तुझे कान तिखट आहेत. जिंतूर रोडला सिद्धोधनचं टायरचं दुकान आहे. भागवतच्याच वर्गातला. त्यानं गाडीखाली वाकून टायरवरनं तळवा फिरवला, माझाही हात धरून फिरवला. करवतीवानी दाते पडले होते.

"वेडेवाकडे झिजलेत, म्हणून बोंबलायलेत," सिद्धोधन म्हणाला. "बदल. आज बसवायचे तर हे घे. कडक आहेत, पाच वर्ष हलत न्हाईत. पण थोडा आवाज राहील. ते तिकडचे मऊ आहेत, शांत आहेत, पण दोन वर्षात गुळगुळीत होतील."

"मला दोन्ही पायजे," भागवत म्हणाला. "आवाज बी नको, अन् टिकाया बी पायजेत."

"तसेही येतात. आतून फोम चिकटवलेला असतो, तो आवाज खातो. पाच वर्ष टिकतात पण. फक्त ह्या मापात माझ्याकडं न्हाईत. संभाजीनगरहून मागवावे लागतील, उद्या-परवा येतील."

"मागव."

"मऊवाले घाल न् चल रे!" मी दुकानातच ओरडले. "शांत आहेत म्हणतोय न तो? पाच वर्ष टिकणाऱ्या टायरचं काय करायचंय तुला?"

भागवत माझ्याकडं बघंना. भिंतीवर टांगलेल्या टायरांकडं बघत म्हणाला, "तिला दर महिन्याला तपासणीला आणायचंय, आक्का. घडीघडी टायर कुठं बदलत बसू?"

आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली. एवढा मोठा बाप्या, दोन लेकरांचा बाप. माझ्या जिभेवर आलं होतं की अरे वेड्या, महिना कसला धरून बसलास? पण माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. सिद्धोधन उगंच पाना शोधायला आत गेला. तिथं जर मी बोलले असते, तर माय घरी पोचली असती. हे मला रोज वाटतं, न् मग भागवतचा आणखीच राग येतो.

दवाखान्यात माय उशाकडच्या खिडकीकडं तोंड करून पडलेली असायची. खाली हॉर्न वाजला की विचारायची, "भागवत आला का गं?" मी म्हणायची, येतोय. काय सांगू? तुझा लेक तुझ्यासाठी टायर निवडायलाय?

आले बाई एकदाचे ते टायर. मी मायचं लुगडं, औषधं, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरून बसले. तर ह्याचा फोन.

"आक्का, आज अवस हाय. अवसेला गाडीला नवं कुणी घालतं का? अन् मायला त्या गाडीत बसवायचं? उद्या सकाळी घालतो, निंबू-नारळ करतो, मग निघू."

"मेल्या, माय मराया लागली!" मी व्हरांड्यात उभी राहून बोलले. सगळे पेशंट, त्यांची माणसं, माझ्याकडं वळून बघायला लागली. भागवतनं फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टायर घातले. चारही चाकांखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. दवाखान्यासमोर गाडी आणली तेव्हा चाकं काळीभोर होती, त्याच्यावर रबराचे बारीक केस अजून तसेच. मला एकटीला आधी बसवून त्यानं पेट्रोल पंपापर्यंत चक्कर मारली.

"ऐकू येतंय का काय?"

"न्हाई."

"खरंच न्हाई?"

"न्हाई रे बाबा, कायच न्हाई."

तो हसला. पाचवीत असताना पहिला नंबर आल्यावर हसला होता, तसाच. राग एवढा होता माझ्या मनात, पण ते हसू बघून मला भडभडून आलं.

मायला मागच्या सीटवर आडवी केली. डोकं माझ्या मांडीवर. अर्पिता पुढं जाऊन घर झाडून ठेवते म्हणून आधीच एस.टी.नं गेली होती. गाडी निघाली. सिमेंटचा रस्ता लागला, आणि खरं सांगते, गाडी चालू आहे हे सुद्धा कळत नव्हतं. बाहेर तुरीची रानं मागं पळत होती तेवढंच.

मायनं डोळे उघडले. "थांबली का रं गाडी?"

"न्हाई माय, चालायलीय," भागवत म्हणाला.

"आवाज कसा न्हाई मग?"

"नवीन टायर घातलेत. तुझ्यासाठी."

"बरं केलंस," माय म्हणाली. "आता हाडात न्हाई शिरत." तिनं हात उचलायचा प्रयत्न केला, जमला न्हाई, तर मीच तो धरून भागवतच्या खांद्याला टेकवला. आरशात मला त्याचे डोळे दिसले. भरलेले.

झरी मागं पडलं. गाडीत एवढं शांत होतं की मला मायचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना घर्र, बाहेर येताना फुस्स. मग मध्ये मोकळं. मग परत घर्र. ते मोकळं लांबत चाललं. मी मनात म्हणायले, घे बाई, आणखी एक घे, बोरी आलीच. तिनं घेतला. आणखी एक घेतला. मग बाहेर सोडला, आणि आत घेतलाच न्हाई.

मी वाट बघत बसले. जुने टायर असते तर त्या घुंघाटात मला काय कळलं असतं? झोपली असंल म्हणून उंबऱ्यापर्यंत मानत गेले असते. पण तो श्वास झाकायला तिथं कुठला आवाजच ठेवला नव्हता माझ्या भावानं. बोरीची शिव अजून लांब होती.

मी तोंड उघडायच्या आत भागवतचा हात पुढं गेला आणि त्यानं गाणी लावली. कुठलं तरी लग्नातलं, ढोल-ताशाचं. आवाज वाढवला. आणखी वाढवला. आवाज नको म्हणून एवढे दिवस घालवणारा माणूस! दरवाजे थरथरायला लागले. आरशात मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं रस्त्यावरची नजर काढली न्हाई. त्यालाही ऐकू आलं होतं.

तसंच गाणं वाजवत आम्ही गल्लीत शिरलो. अंगणात भावकी जमलेली. मुंजाजीकाका काठी टेकत पुढं आले. "अरे, ही कसली गाणी? काय लाजलज्जा?"

"मायला ऐकायची व्हती," भागवत म्हणाला.

काका खिडकीशी वाकले. "जीव हाय न?"

"हाय, काका. डोळा लागलाय."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी पदरानं मायचं तोंड पुसत राहिले. भागवतनं तिला दोन्ही हातांवर उचललं, आणि उंबरा ओलांडला. देवघरासमोर ठेवलं. अर्पितानं तुळशीचं पान न् पाण्याची वाटी आणली. काकांनी स्वतः खाली बसून चमचा तिच्या तोंडात रिकामा केला. पाणी एका कोपऱ्यातून गालावर आलं, गळ्याकडं गेलं.

सगळे मागं उभे होते. काकांच्या पाठीमुळं कुणाला दिसलं नसंल. काकांनी खांद्यावरच्या उपरण्यानं ते पाणी हळूच टिपलं, मायच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "घेतला बघा. घोट घेतला मालननं." थोडा वेळ तसेच बसले, मग म्हणाले, "गेली."

बापूंच्या वेळी हेच काका होते. त्यांच्या पाया पडावं का त्यांना तेव्हाचं विचारावं, मला कळंना. मी हंबरडा फोडला. सगळ्या बाया रडायला लागल्या.

सगळं गाव म्हणतं, मालनबाई नशिबाची, लेकानं घरात आणून पोचवली. भागवत मान डोलावतो. तेराव्यानंतर त्यानंच मला चुडाव्याला सोडलं. गाडी सुरू केल्या केल्या गाणी लावली. झरीच्या अलीकडं मी म्हणलं, "बंद कर रे ते, डोकं उठलं माझं." त्यानं बंद केली. चाकांचा आवाज न्हाई, इंजिनचा न्हाई, कशाचाच न्हाई. आम्ही दोघं श्वास घ्यायलोत तेवढं ऐकू यायलं. थोडं पुढं गेलो असू, त्याचा हात पुन्हा त्या बटणाकडं गेला. मी अडवला न्हाई.

पाच वर्ष टिकतील म्हणाला होता सिद्धोधन. पाच वर्ष माझा भाऊ गाणी लावूनच हिंडणार.